स्वर्गासारख्या बेटांची चित्रं: एका भिंतीवर छोटं प्रदर्शन कसं उभं करायचं

पांढरी वाळू, पाण्यावर वाकलेला माड, निळं-हिरवं पाणी आणि माणूस एकही नाही. टूर कंपनीच्या जाहिरातीत हे चित्र अंदमानसाठी चालतं, मालदीवसाठी चालतं, तारकर्लीसाठीही चालतं. हे चित्र आलं कुठून, याचा माग बऱ्यापैकी नेमकेपणाने काढता येतो. तो माग चित्रांमधूनच दाखवणारं प्रदर्शन एखाद्या कॉलेजच्या हॉलमध्ये, वाचनालयात किंवा गावातल्या कलादालनात बेताच्या खर्चात उभं राहू शकतं. मूळ कलाकृती लागत नाहीत. चांगल्या प्रती, विचार करून लिहिलेली लेबलं आणि एक धड भिंत पुरते. ते कसं करायचं, ते पुढे पायरीपायरीने सांगतो.

पायरी १: विषय कापून लहान करा

‘कलेतला स्वर्ग’ असा विषय घेतलात तर बुडालात. त्यात बॉश या जुन्या डच चित्रकाराचं माद्रिदमधलं उद्यान येतं, इराणी गालिच्यांवरच्या चारबागा येतात, फ्रेंच चित्रकार वातोची प्रेमिकांची सहल येते, आपल्याकडचे वैकुंठ-कैलासाचे पट येतात. जैन परंपरेतले अढाई-द्वीपाचे पटही येतात: मध्ये जंबुद्वीप, भोवती लवणसमुद्र, मग पुन्हा बेटाचं कडं, पुन्हा समुद्र. यातल्या प्रत्येकावर वेगळं प्रदर्शन होईल. सगळे एकाच भिंतीवर लावले तर बघणारा ‘छान आहे हो’ म्हणून पुढे जातो.

म्हणून एकच बेट धरा. माझं मत ताहितीच्या बाजूने आहे. दक्षिण प्रशांत महासागरातल्या या बेटावर चित्रकार, नकाशाकार, कापड आणि भिंतीच्या कागदाचे कारखानदार, पर्यटनवाले आणि शेवटी तिथल्याच भागातले कलाकार असे सगळे एकामागून एक येतात, आणि प्रत्येकजण आधीच्याच्या चित्राला उत्तर देत जातो. त्यामुळे प्रदर्शनाला गोष्ट आपोआप मिळते.

मग प्रश्न ठरवा, आणि तोही एकच. मी सुचवेन तो असा: हे चित्र कुठे उभं राहून काढलंय, जहाजाच्या डेकवर की किनाऱ्यावर? ‘डेक’ म्हणजे बघून निघून जाणाऱ्याची जागा, ‘किनारा’ म्हणजे राहणाऱ्याची. ज्या चित्रापुढे हा प्रश्न विचारून काहीच हाती लागत नाही, ते कितीही देखणं असलं तरी बाजूला ठेवा.

पायरी २: तारखा लावून घ्या, कारण क्रमातच मेख आहे

चित्रं शोधण्याआधी एका कागदावर एवढं लिहून काढा.

जून १७६७: सॅम्युएल वॉलिसचं ब्रिटिश जहाज ‘डॉल्फिन’ ताहितीला पोचलं. थोड्याच दिवसांत मातावाई उपसागरात चकमक झाली आणि जहाजावरून होड्यांवर तोफा डागल्या गेल्या.

एप्रिल १७६८: फ्रेंच दर्यावर्दी बूगँव्हिल आला. तो जेमतेम दहा दिवस राहिला आणि प्रेमदेवतेच्या ग्रीक बेटावरून ताहितीला ‘नवं सिथेरा’ असं नाव देऊन गेला. त्याचं प्रवासवर्णन १७७१ मध्ये छापून आलं आणि पॅरिसमध्ये ताहितीची चर्चा सुरू झाली.

एप्रिल १७६९: जेम्स कुक ‘एंडेव्हर’ घेऊन आला. ३ जूनला शुक्र ग्रह सूर्यबिंबावरून सरकणार होता, त्याची निरीक्षणं घ्यायची होती.

म्हणजे आधी तोफा आणि मग स्वर्ग. बूगँव्हिलला जे प्रेमळ स्वागत मिळालं, त्याच्या आदल्याच वर्षी त्या बेटाने तोफगोळे पाहिले होते. हा क्रम तुमच्या पहिल्याच फलकावर हवा. तो नसेल तर पुढची सगळी चित्रं पोस्टकार्डं होऊन बसतात.

पायरी ३: चित्रं निवडा

दहा-बारा प्रती पुष्कळ झाल्या. माझी यादी देतो. तुम्ही बदल करा, पण डेक आणि किनारा दोन्ही राहतील एवढं बघा.

*तुपाया.* सुरुवात याच्यापासून करा. तुपाया हा रायातेआ बेटावरचा पुरोहित आणि नाविक. जुलै १७६९ मध्ये तो कुकच्या जहाजावर चढला आणि वाटेत ब्रिटिशांसाठी आजूबाजूच्या सत्तरेक बेटांचा नकाशा तयार व्हायला कारण झाला. त्याची मूळ प्रत उरलेली नाही, कुकच्या हातची नक्कल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. जहाजावरच्या युरोपियन चित्रकारांचं बघून तुपाया जलरंगही वापरायला लागला. एक माओरी, म्हणजे न्यूझीलंडचा मूळ रहिवासी असलेला माणूस इंग्रजाला मोठा शेवंड देऊन बदल्यात कापड घेतोय, हे त्याचं चित्र प्रसिद्ध आहे. दोघांनीही आपापली वस्तू घट्ट धरलेली आहे, आधी कोण सोडतो याचीच वाट बघत. ही चित्रं त्याची आहेत हे १९९७ पर्यंत अभ्यासकांनाही ठाऊक नव्हतं. जहाजावरचे निसर्ग-अभ्यासक जोसेफ बँक्स यांचं एक जुनं पत्र सापडल्यावर ते उलगडलं. तुपाया १७७० च्या अखेरीस बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, आजाराने वारला. ‘निरागस बेटवासी’ ही कल्पना मोडायला हा एक माणूस पुरतो: नकाशा काढणारा, दुभाषी, चित्रकार.

*विल्यम हॉजेस.* कुकच्या दुसऱ्या सफरीवरचा (१७७२–७५) चित्रकार. परतल्यावर साधारण १७७६ च्या सुमारास त्याने रंगवलेलं ताहितीचं निसर्गचित्र ग्रीनिचच्या नॅशनल मॅरिटाइम म्युझियममध्ये आहे. या एका चित्रासाठी भिंतीवर मोकळी जागा ठेवा. लांबून बघितलं तर सोनेरी उजेड, टोकदार डोंगर, नदीत अंघोळ करणाऱ्या बायका. जवळ गेलात की एकीच्या अंगावरचं गोंदण दिसतं. त्यांच्यावर सावली धरून उभी असलेली कोरीव मूर्ती दिसते. ती स्थानिक ति’ई. आणि मचाणावर कापडात गुंडाळून ठेवलेलं प्रेतही दिसतं. स्वर्गातही मरण आहे, ही युरोपातली जुनी चित्रकल्पना हॉजेसने ताहितीच्या खऱ्या प्रथेच्या आधाराने मांडली. शक्य असेल तर मोठ्या प्रतीशेजारी या तीन तपशिलांचे तुकडे वेगळे मोठे करून लावा. लोक आपोआप मूळ चित्रात ते शोधायला लागतात आणि एरवी दहा सेकंद थांबणारा माणूस पाच मिनिटं थांबतो.

आपल्या वाचकांसाठी एक जोड आहे: हाच हॉजेस १७८० ते १७८३ या काळात हिंदुस्थानात होता आणि वॉरन हेस्टिंग्जच्या आश्रयाने त्याने गंगेकाठची, आग्र्याची, ग्वाल्हेरची दृश्यं काढली. त्यातलं एखादं चित्र शेजारी लावलंत तर तोच सोनेरी उजेड बनारसच्या घाटावरही पडलेला दिसेल. उजेड बेटाचा होता की चित्रकाराचा, हे मग बघणाऱ्यानेच ठरवावं.

*नीरफणस.* कुकच्या पहिल्या सफरीवरच्या सिडनी पार्किन्सनने या फळाचं चित्र काढलं. झाडावरून भाकरी तोडून खायची, कष्ट नाहीत, असं वर्णन युरोपात पसरलं. त्याच फळाची रोपं न्यायला ब्रिटिश सरकारने १७८७ मध्ये ‘बाउंटी’ जहाज पाठवलं. कशासाठी? कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या गुलामांना स्वस्तात खाऊ घालण्यासाठी. त्या जहाजावर बंड झालं, पण दुसऱ्या खेपेला, १७९३ मध्ये, रोपं पोचली. आयत्या भाकरीचं झाड गुलामांच्या शिध्यात जमा झालं. कोकणात किंवा गोव्यात प्रदर्शन करत असाल तर खरा नीरफणस आणून ठेवा. त्याची कापं खाल्लेले लोक या पॅनेलपाशी हमखास बोलायला लागतात.

*द्युफूरचा भिंतीचा कागद.* डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी हा सगळ्यात महत्त्वाचा नमुना. १८०४–०५ मध्ये फ्रान्समधल्या माकाँ गावात जोझेफ द्युफूरने झाँ-गाब्रिएल शार्व्हेच्या आराखड्यावरून प्रशांत महासागरातल्या लोकांचं दृश्य लाकडी ठशांनी कागदावर छापलं. वीस उभ्या पट्ट्या, सगळ्या जोडल्या की साधारण दहा मीटर लांबी. दिवाणखान्याच्या चारही भिंतींना गुंडाळायचा हा स्वर्ग. त्यातल्या बायका ताहितीच्या कमी आणि त्या काळच्या पॅरिसच्या फॅशनमधल्या जास्त दिसतात. झुळझुळीत कपडे, ग्रीक-रोमन पुतळ्यांसारख्या उभ्या. कुकचा १७७९ मध्ये हवाईत झालेला मृत्यूही त्यात आहे, पण इतका लांब आणि इतका बारीक की चहा पिताना कोणाच्या नजरेला खुपू नये. द्युफूरने सोबतच्या माहितीपत्रकात आया हा कागद दाखवून मुलींना भूगोल शिकवू शकतील असंही सुचवलं होतं. आजच्या हॉटेलच्या रूममधलं माडाचं वॉलपेपर याच वंशातलं.

*पॉल गोगँ.* याला टाळता येत नाही, आणि याच्यावरच सगळं प्रदर्शन उभं करणं हा आळस आहे. हा फ्रेंच चित्रकार जून १८९१ मध्ये ताहितीची राजधानी पापेएतेला उतरला. ताहिती तोवर अकरा वर्षं फ्रेंच वसाहत होती. गव्हर्नर होता, चर्च होतं, दुकानं होती. तो आल्यावर काही दिवसांतच तिथला शेवटचा राजा पोमारे पाचवा वारला. स्वर्ग शोधायला आलेल्या माणसाला राजाची अंत्ययात्रा बघायला मिळाली.

त्याची दोन चित्रं पुरेत. पहिलं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधलं १८९१ चं ‘इआ ओराना मारिया’. त्यात ताहितीच्या वेशातली मेरी, खांद्यावर बाळ येशू आणि समोर हात जोडून उभ्या दोन बायका आहेत. या दोघी जावातल्या बोरोबुदुर स्तूपाच्या शिल्पांच्या फोटोवरून घेतल्यात. तो फोटो गोगँ जवळ बाळगून होता. आपल्याकडचा प्रेक्षक लेबल वाचायच्या आधीच तो नमस्कार ओळखतो, आणि ‘हे ताहिती नाहीये’ हे त्याला युरोपियन प्रेक्षकाच्या आधी कळतं. याचा फायदा घ्या.

दुसरं शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधलं तेहामानाचं १८९३ चं व्यक्तिचित्र. गोगँच्या बायका म्हटलं की उघड्या अंगाच्या, असं डोक्यात असतं. इथे ती गळाबंद, पट्ट्यांचा, मिशनऱ्यांनी रुळवलेला झगा घालून, हातात पंखा घेऊन बसली आहे. बाजूला दोन आंबे आहेत, आणि आंबा काही मूळचा ताहितीचा नाही, तो जहाजानेच तिकडे गेलेला. पाठीमागच्या भिंतीवरची अक्षरं ईस्टर बेटावरच्या लिपीसारखी आहेत. म्हणजे अंगावर चर्च, मागे कुठल्यातरी दुसऱ्याच बेटाची लिपी आणि मधे एक किशोरवयीन मुलगी, जिला गोगँ आपली बायको म्हणवत होता. हे वय लेबलवर लिहायचं. कुजबुजत नाही, ओरडूनही नाही. सरळ एका वाक्यात.

*उत्तर देणारे.* इथे प्रदर्शन डेकवरून किनाऱ्यावर येतं. लिसा रेइहाना या माओरी कलाकाराने द्युफूरचा तोच कागद कॅनबेरात पाहिला आणि त्यावरून एक अवाढव्य हलतं चित्र केलं: ‘इन परस्यूट ऑफ व्हीनस [इन्फेक्टेड]’. रंगवलेल्या पार्श्वभूमीपुढे खरी माणसं नाचतात, सौदा करतात, फटके खातात. कुकचा मृत्यू आता कोपऱ्यात राहत नाही. ऑकलंडमध्ये ते २०१५ मध्ये लागलं आणि २०१७ च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात जगभर गाजलं. त्याच बिएनालेत २०२२ मध्ये युकी किहारा यांनी ‘पॅरडाइज कॅम्प’ मांडलं. प्रशांत महासागरातलं समोआ आणि जपान अशी दोन्ही मुळं असलेल्या या फाअफाफिने (समोआतल्या तृतीयलिंगी समूहातल्या) कलाकाराने गोगँच्या चित्रांची रचना तशीच ठेवून समोआतल्या आपल्याच समूहातल्या लोकांचे फोटो काढले. 

पायरी ४: हक्क आणि फाइली

भारतात कलाकृतीचा कॉपीराइट कलाकाराच्या हयातीनंतर साठ वर्षं टिकतो. हॉजेस, शार्व्हे, गोगँ यांचा प्रश्नच नाही. तरीही फोटो कोणत्या संग्रहालयाच्या साइटवरून घेता, तिथल्या अटी वाचा. मेट्रोपॉलिटनने २०१७ पासून आणि शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने २०१८ पासून हक्कमुक्त कलाकृतींच्या मोठ्या फाइली फुकट खुल्या केल्या आहेत. कलाकृतीच्या पानावर तशी खूण आहे का, तेवढं बघायचं. काही संग्रहालयं परवानगी आणि शुल्क मागतात. त्यांना ‘विनाशुल्क शैक्षणिक प्रदर्शन, इतक्या दिवसांचं, एवढ्या आकाराची एकच प्रत’ असं नेमकं लिहून ईमेल करा.

रेइहाना आणि किहारा यांच्या कामाचे फोटो परवानगीशिवाय छापू नका. परवानगी नाही मिळाली तर त्यांच्या जागी तेवढ्याच आकाराची कोरी चौकट लावा, आत कामाचं वर्णन आणि ते कुठे लागलं होतं ते लिहा. चोरलेल्या फोटोपेक्षा ती चौकट कितीतरी चांगली दिसते. विषयच ‘दुसऱ्याची प्रतिमा न विचारता उचलण्याचा’ असताना तर विचारायलाच नको.

फाइल पुरेशी मोठी आहे का, याचा हिशेब सोपा आहे. जवळून बघण्याच्या छपाईला इंचाला निदान १५० पिक्सेल हवेत. ९० सेंटिमीटर रुंद प्रत काढायची तर रुंदीत साधारण ५,३०० पिक्सेल. त्याहून कमी असेल तर प्रत लहान करा, फाइल ताणू नका.

पायरी ५: छपाई आणि मांडणी

फ्लेक्स नको. चकाकतो आणि त्यावर कुठलंही चित्र वाढदिवसाच्या बॅनरसारखं दिसतं. पाच मिलिमीटरचा सनबोर्ड, त्यावर मॅट लॅमिनेशन, एवढं सांगा. आधी एका चित्राची पोस्टकार्डाएवढी चाचणी प्रत काढून घ्या, कारण गोगँचे पिवळे आणि नारिंगी प्रिंटरवर फार लवकर भडक होतात. मूळ चित्राच्या कडा कापू देऊ नका. छपाईवाला ‘साइजमध्ये बसवतो’ म्हणाला की तिथेच थांबवा.

भिंत पांढरी किंवा फिकट राखाडी. निळा रंग, माडाच्या झावळ्या, शंख-शिंपले, मागे लाटांचा आवाज यातलं काहीही आणू नका. ज्या सजावटीची चिकित्सा करताय तीच दारात उभी केलीत तर लोक सेल्फी काढून परत जातील.

प्रत्येक चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर घ्या. शाळेची मुलं येणार असतील तर दहा-पंधरा सेंटिमीटर खाली उतरवा. दोऱ्याने सरळ रेषा मारून मगच खिळे ठोका. दोन चित्रांत हातभर अंतर ठेवा, हॉजेस आणि द्युफूरभोवती त्याहून जास्त. द्युफूरची प्रत लांब पट्टीसारखी कोपऱ्यातून वळवता आली तर उत्तम, कारण मूळ कागदही खोलीच्या कोपऱ्यांतून वळायचाच.

क्रमाबद्दल माझा आग्रह एवढाच की तुपाया दारातच हवा. काळाच्या क्रमाने वॉलिस-बूगँव्हिल आधी येतात हे खरं, पण त्यांच्या तारखा फलकावर लिहिलेल्या असतात. डोळ्यांना पहिलं चित्र बेटावरच्या माणसाच्या हातचं दिसू दे.

पायरी ६: लेबलं

बहुतेक प्रदर्शनं इथे पडतात. विकिपीडिया उतरवून दोनशे शब्दांचा मजकूर बारीक अक्षरांत लावला जातो आणि कोणी वाचत नाही. साठ शब्दांवर जाऊ नका. देवनागरीत काना-मात्रा-वेलांट्यांमुळे अक्षर लहान झालं की चटकन गिचमिड होतं, म्हणून लेबलाचा टाइप २४ पॉइंटच्या खाली नको आणि ओळींमधलं अंतर सैल ठेवा.

तेहामानाच्या चित्राला एरवी असं लेबल लागतं: ‘गोगँने ताहितीच्या निसर्गसौंदर्याने भारावून जाऊन आपल्या प्रेयसीचे चित्र रंगवले.’ यात बघण्यासारखं काहीच सांगितलेलं नाही. त्याऐवजी असं लिहून बघा:

‘झग्याचा गळा बघा: तो मिशनऱ्यांनी आणलेल्या पद्धतीचा आहे. आंबे बघा: तेही बाहेरून आलेले. मागच्या भिंतीवरची अक्षरं ताहितीची नाहीत. तेहामाना किशोरवयीन होती. चित्रकार चाळिशी ओलांडलेला. त्याने तिचं चित्र काढलं. ती त्याच्याबद्दल काय म्हणाली, ते कोणी लिहून ठेवलं नाही.’

क्रियापद ‘बघा’ असेल तर डोळा लेबलावरून चित्राकडे परत जातो. विशेषणं काढून टाका. ‘रम्य’, ‘विलोभनीय’, ‘अद्भुत’ हे शब्द जाहिरातवाल्यांना लागतात, तुम्हाला नाही.

पायरी ७: आपल्या किनाऱ्याची एक चौकट

शेवटचं पॅनेल विद्यार्थ्यांकडून करून घ्या. कोकण आणि गोव्याच्या पर्यटनाची ब्रोशरं, होमस्टेच्या जाहिराती, लग्नाआधीच्या फोटोशूटचे नमुने गोळा करायचे आणि प्रत्येकापुढे तोच डेक-किनाऱ्याचा प्रश्न विचारायचा. रापण ओढणारे दिसतात का? मासळी वाळवणारी बाई दिसते का? की फक्त पाठमोरी पर्यटक आणि मावळतीचा सूर्य? मालवण-वेंगुर्ल्याकडची मुलं असतील तर घरातल्या मोठ्यांना विचारून किनाऱ्यावरच्या जागांची त्यांच्यात चालणारी नावं एका हाती काढलेल्या नकाशावर लिहू द्या. तुपायाच्या नकाशाशेजारी तो शोभून दिसेल. व्यावसायिक जाहिरातींवर शेरे मारताना कंपनीचं नाव झाका. मुद्दा चित्राचा आहे.

उघडल्यानंतर

दिवसातून दोन वेळा तरी कोणीतरी माणूस उभा राहून प्रदर्शन दाखवणारा हवा. त्याने व्याख्यान देऊ नये. हॉजेसपाशी थांबून ‘यात मेलेला माणूस कुठे आहे?’ एवढं विचारलं की गर्दी चित्राला नाक लावते. गोगँपाशी वाद होईल. कोणी म्हणेल कला वेगळी आणि माणूस वेगळा, कोणी म्हणेल हे चित्र लावलंच का. लंडनच्या नॅशनल गॅलरीत २०१९ मध्ये त्याच्या व्यक्तिचित्रांचं प्रदर्शन लागलं तेव्हाही हाच वाद झाला होता. होऊ द्या. अभिप्राय-वहीऐवजी भिंतीवर एक कोरा कागद आणि खाली पेन्सिली ठेवा, वर एवढंच लिहा: ‘तुम्ही कुठे उभे होतात?’ आणि रोज संध्याकाळी त्याचा फोटो काढून ठेवा, कारण पुढच्या वेळची लेबलं बऱ्याचदा त्यातूनच मिळतात.